नांव आणि पत

आपल्या भाषेंत 'नांव' आणि 'पत' हे दोन शब्द पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात. परंतु ज्यानें कधीं बाजारांत देवघेव केली आहे त्याला त्यांतील अंतर सांगावें लागत नाहीं. नांव आपल्या दुकानाच्या पाटीवर असतें. पत दुसऱ्याच्या वहींत असते. पाटी रंगाऱ्याकडून एका दिवसांत रंगवून घेतां येते. वहींतला विश्वास जमावयास वर्षें लागतात. कोल्हापुरास गुळाच्या पेठेंत याचा प्रत्यय नेहमीं येतो. शेतकरी आपल्या गुळाचे रवे ज्या अडत्याच्या दारांत उतरवितो, तें त्याची पाटी वाचून नव्हे. त्याच्या बापानें आपल्या बापाशीं वजनांत कसा व्यवहार केला होता, तें आठवून उतरवितो. नांव विकतां येतें, विकत घेतां येतें, प्रसंगीं उसनेंही आणतां येतें. पत यांपैकीं एकाही वाटेनें येत नाहीं. म्हणूनच 'नांव मोठें, लक्षण खोटें' ही म्हण आपल्याकडे झाली. 'पत मोठी, लक्षण खोटें' असें कोणी म्हटलेलें ऐकिवांत नाहीं.

ही कसोटी मोटारीच्या एका कंपनीला लावून पाहावी असें बरेच दिवस मनांत आहे. कंपनी अमेरिकेची, तिचें नांव जनरल मोटर्स. सन १९३१ पासून २००७ पर्यंत, म्हणजे ७७ वर्षें, जगांत सर्वांत अधिक मोटारी विकण्याचा मान या एकाच कंपनीकडे होता. तरी त्या काळाच्या पूर्वार्धांत कोल्हापुरच्या रस्त्यावर कोणास 'जनरल मोटर्स'विषयीं विचारलें असतें, तर त्यानें बहुधा नकारार्थी मान हालविली असती. 'शेवरलेट' म्हटलें असतें, तर मोटारस्टँडवरच्या पोरानेंही हात करून ती दाखविली असती. ब्युइक, पाँटिॲक, कॅडिलॅक, बेडफोर्ड हीं सारीं एकाच घरचीं लेकरें, हें फार थोड्यांस ठाऊक होतें. ही कंपनी महाराष्ट्रांत दोनदां आली आणि दोनदां गेली. जातांना तिनें मागें काय ठेविलें, आणि जें राहिलें तें कोणाच्या मालकीचें, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

कोल्हापुरास आगगाडी १८९१ सालीं आली, ती मिरजेच्या बाजूनें. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत उभी; तिच्यापलीकडे कोंकण. आंबा, गगनबावडा, फोंडा या घाटवाटांनीं गूळ खालीं उतरे, आणि मीठ व सुकी मासळी वर येई. त्या बाजूस लोहमार्ग अजूनही झालेला नाहीं. अशा मुलखांत मोटार ही चैनीची वस्तु राहूंच शकत नव्हती. राजवाड्याच्या मोटारींची गोष्ट निराळी. दसऱ्याच्या सोहळ्यास छत्रपतींची 'मेबॅक' ही जर्मन मोटार दसरा चौकांत येते, तेव्हां लोक आजही टांचा उंचावून ती पाहतात आणि तृप्त होऊन घरीं जातात. ती पाहावयाची मोटार. बसावयाची मोटार म्हणजे 'सर्व्हिस'ची, आणि ती बहुधा अमेरिकन असे.

माझे आजोबा मलकापूरकडे शिक्षक होते. सर्व्हिस मोटारीच्या त्यांच्या आठवणी ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालों. बाजूंना कांचेऐवजीं कॅनव्हासचे पडदे, आंत लांकडी बांकें, टपावर ट्रंका, वळकट्या आणि कोंबड्यांचे खुराडे. निघण्याची वेळ ठरलेली नसे. गाडी भरली कीं निघे. क्लीनर पुढें उभा राहून हँडल मारी, आणि घाटांत गाडी थबकली कीं उडी टाकून चाकामागें दगड लावी. महायुद्धाच्या काळांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां गाडीच्या पाठीशीं लोखंडी भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविल्या गेल्या. मग निघण्यापूर्वीं भट्टी पेटविण्यांतच अर्धा-पाऊण तास जाई, आणि चढणीवर उतारूंना खालीं उतरून मोटारीला हात द्यावा लागे. एवढे हाल सांगूनही आजोबा शेवटीं एकच वाक्य बोलत: "पण शेवरलेट घाट चढे." त्यांनीं जन्मांत कधीं मोटार विकत घेतली नाहीं, घेण्याची ऐपतही नव्हती. तरी त्यांच्या मनांतील वहींत या गाडीच्या नांवें कांहीं रक्कम जमा होती. ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

ज्या नांवावर ही रक्कम जमा झाली, त्या नांवाचा उगम पाहण्यासारखा आहे. विल्यम ड्युरँट हा अमेरिकेच्या मिशिगन प्रांतांतील फ्लिंट गांवीं घोड्यांच्या बग्ग्या बनवून श्रीमंत झालेला गृहस्थ. त्यानें ब्युइक नांवाचा मोटारीचा कारखाना हातीं घेतला, आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजीं जनरल मोटर्स ही कंपनी स्थापिली. मग त्यानें कारखान्यांमागून कारखाने विकत घेण्याचा सपाटा लावला. ओल्ड्समोबाइल घेतला, ओकलंड घेतला, कॅडिलॅक घेतला. दोन वर्षांत कर्ज एवढें वाढलें कीं सावकारांनीं कंपनी ताब्यांत घेऊन त्याला बाजूस सारलें. तेव्हां त्यानें लुई शेवरलेट या स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या, शर्यतींत नांव काढलेल्या मोटारचालकास हाताशीं धरून १९११ सालीं नवी कंपनी काढली. शेवरलेटचें त्याच्याशीं पटलें नाहीं. तो थोड्याच वर्षांत निघून गेला. नांव मात्र मागें राहिलें, कारण तें कंपनीचें झालें होतें. त्या नांवाच्या विक्रीच्या जोरावर ड्युरँटनें १९१६ सालीं जनरल मोटर्स पुन्हां काबीज केली, आणि १९२० सालीं तो पुन्हां बाहेर फेकला गेला. १९३६ सालीं त्यानें दिवाळें जाहीर केलें. ज्या फ्लिंट गांवांत त्यानें जगांतील सर्वांत मोठ्या उद्योगाची कोनशिला बसविली, त्याच गांवीं उतारवयांत तो चेंडूच्या खेळाचा एक अड्डा चालवीत होता. १९४७ सालीं तो वारला. एकाचें नांव गाड्यांवर राहिलें, दुसऱ्याची कल्पना हिशेबाच्या वह्यांत राहिली. दोघांच्याही हातीं शेवटीं कांहीं उरलें नाहीं.

कंपनीला खरें वैभव आणिलें तें आल्फ्रेड स्लोन यानें. तो १९२३ सालीं अध्यक्ष झाला. त्या वेळीं हेन्री फोर्ड एकच गाडी, एकाच काळ्या रंगांत, दिवसेंदिवस स्वस्त करून विकीत होता. स्लोननें उलट विचार केला. माणसांच्या ऐपती सारख्या नाहींत, मग गाडी एकच कां? त्यानें जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें गाड्या मांडल्या: तळाशीं शेवरलेट, माथ्यावर कॅडिलॅक, मध्यें बाकीच्या. कारकून शेवरलेट घेईल. बढती मिळाली कीं पाँटिॲककडे पाहील. पेन्शनींत जातांना ब्युइकमध्यें बसेल. त्यावरही दरवर्षीं गाडीचें रूप थोडें बदलावयाचें, म्हणजे गतवर्षींची धडधाकट गाडीही मालकाला जुनी वाटूं लागेल. पैसे नसतील तर? त्याचीही सोय १९१९ पासूनच होती. हप्त्यांनीं गाडी देण्यासाठीं कंपनीनें स्वतःची पेढीच काढली होती. गिऱ्हाइकाची पत तपासून त्याला कर्ज द्यावयाचें आणि त्या कर्जानें त्यानें आपलीच गाडी घ्यावयाची! व्यापाराच्या दृष्टीनें ही योजना बिनतोड होती. १९२० चें दशक संपण्यापूर्वींच शेवरलेटनें फोर्डला विक्रींत मागें टाकलें. परंतु एक गोष्ट सूक्ष्मपणें बदलली. गाडी टिकावी ही गिऱ्हाइकाची इच्छा आणि गाडी बदलली जावी ही कंपनीची इच्छा, या दोहोंच्या वाटा येथून फुटल्या. आमच्याकडचा चांभार कोल्हापुरी वहाण देतांना ती लवकर झिजावी असें मनांत धरीत नाहीं. ती झिजली तर शिवावयास आपल्याकडेच येणार, हें त्याला ठाऊक असतें.

कंपनी मुंबईस आली ती १९२८ सालीं. शिवडीस तिनें जुळणीचा कारखाना काढला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथून पहिली शेवरलेट बाहेर पडली. हिंदुस्थानांतील मोटारजुळणीचा हा पहिला कारखाना. सुटे भाग पेट्यांतून बोटीनें यावयाचे. येथें ते सांधून, रंगवून, चाकांवर उभे करावयाचे. यांत शेंकडों कामगारांना रोजगार मिळाला, हात तयार झाले, हें खरें. पण जुळणी वेगळी आणि घडण वेगळी. जुळणी करणाऱ्याला कोणता भाग कोठें बसतो हें कळतें. तो तसाच कां आहे हें कळण्याची गरज पडत नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना हा भेद चांगला उमजला होता. मोटार येथेंच घडविली पाहिजे, या हट्टानें त्यांनीं क्रायस्लर कंपनीशीं संधान बांधलें. युद्धकाळांत सरकारचें पाठबळ मिळालें नाहीं, तरी १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. शिवडीचा कारखाना मात्र जुळणीवरच समाधानी राहिला.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर यांच्या दरम्यान एस्. टी.ची पहिली गाडी धांवली. ती बेडफोर्ड होती. बेडफोर्ड हें विलायतेंतील व्हॉक्सॉल कारखान्याचें नांव, आणि तो कारखाना १९२५ पासून जनरल मोटर्सच्या मालकीचा. एस्. टी.च्या आरंभींच्या ताफ्यांत शेवरलेटही होत्या. ज्या गांवांनीं चाक म्हणून फक्त बैलगाडीचें पाहिलें होतें, त्यांच्या वेशीपर्यंत हीं नांवें अशा रीतीनें पोंचलीं. जाहिरातीनें हें काम झालें नसतें. बाळंतपणासाठीं माहेरीं निघालेली लेक, शाळेच्या परीक्षेला निघालेला पोरगा, तालुक्याला तारखेसाठीं निघालेला कुळवाडी, हे सारे ज्या गाडींतून सुखरूप गेले, तिची पत त्यांनींच वाढविली.

१९५३ सालीं दोन देशांत दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेंत कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांची संरक्षणमंत्री म्हणून नेमणूक व्हावयाची होती. कंपनीच्या आणि देशाच्या हितांत विरोध आला तर काय कराल, असें त्यांना सेनेटच्या समितीनें विचारलें. जें देशाच्या भल्याचें तें कंपनीच्या भल्याचें, आणि जें कंपनीच्या भल्याचें तें देशाच्या भल्याचें, असें आपण मानीत आलों, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. इकडे भारत सरकारनें ठरविलें कीं, ज्या मोटारकंपन्यांना येथें टप्प्याटप्प्यानें भाग घडवावयाचे नाहींत, नुसती जुळणी करावयाची आहे, त्यांनीं आपलें काम आवरावें. विल्सनसाहेबांचें समीकरण अमेरिकेपुरतें खरें असेल. भारताच्या बाबतींत तें जुळलें नाहीं. १९५४ सालीं शिवडीचा कारखाना बंद झाला, आणि फोर्डनेंही त्याच सुमारास येथला गाशा गुंडाळला.

कंपनी गेली, गाड्या राहिल्या. त्या आणखी किती वर्षें राहिल्या, याचा मी स्वतः साक्षी आहें. माझे वडील शाहूपुरींतील एका मालवाहतुकीच्या धंद्यांत दिवाणजी होते. मालकाच्या दोन ट्रकांपैकीं एक युद्धापूर्वींची शेवरलेट होती. १९६० च्या पुढें-मागें केव्हां तरी तिच्या पाण्याच्या पंपाचें कवच तडकलें. तो भाग मुंबईच्या जुन्या बाजारांतही मिळेना. वडील तें तडकलेलें कवच फडक्यांत बांधून शिवाजी उद्यमनगरांतील एका मेस्त्रींकडे गेले. सुट्टीचा दिवस असल्यानें मीही बरोबर होतों. मेस्त्रींनीं कवच हातांत फिरवून पाहिलें, बोटानें भिंतीची जाडी चांचपली, आणि लाकडाच्या ओंडक्यावर पेन्सिलीनें खुणा करावयास सुरुवात केली. खुणा मूळ वस्तूपेक्षां किंचित मोठ्या पडत होत्या. वडिलांनीं त्याचें कारण विचारलें.

"आवो दिवाणजी, लोखंड थंड झालं की आकसतंय," मेस्त्री म्हणाले. "फर्मा वाईच मोठाच धरायला लागतोय."

"मग ही पुन्हा घाट चढेल म्हणता?"

"चढंल की. कंपनी गेली म्हणून घाट काय उंच झाला व्हय?"

आठ दिवसांनीं कवच तयार झालें. वाळूच्या साच्यांत ओतलेलें, कानशीनें घासलेलें. मूळच्यासारखें देखणें नव्हतें, पण पाणी गळलें नाहीं. ट्रक पुढें कित्येक वर्षें आंबा घाट चढत-उतरत होती. तिच्या नाकावर 'शेवरलेट' हीं अक्षरें होतीं, परंतु तिच्या पोटांत हळूहळू इतके भाग उद्यमनगरचे बसले कीं, ती कोणाची गाडी असें कोणी विचारतें तर प्रामाणिक उत्तर देणें अवघड झालें असतें. रस्त्यानें जाणारा मात्र म्हणे, 'काय पण शेवरलेट! अजून चालते!' मेस्त्रींच्या श्रमाची जमा कंपनीच्या खात्यावर पडत होती. मेस्त्रींनीं त्याबद्दल कधीं तक्रार केली नाहीं. गाडी चालली यांतच त्यांचें समाधान होतें. मला मात्र हा हिशेब तेव्हांपासून खटकत आला आहे.

कंपनीच्या स्वतःच्या हातून झालेली नावेंची बाजूही पाहिली पाहिजे. तिच्या प्रयोगशाळेंत १९२१ सालीं टॉमस मिजली यानें शोधून काढलें कीं, पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळलें कीं इंजिनाची ठोठ थांबते. तें संयुग तयार करतांना १९२४ सालीं कामगार दगावले. तरीही शिशाचें पेट्रोल जगभर विकलें गेलें, आणि भारतांतून तें जावयास २००० साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत किती लेंकरांनीं तें विष श्वासावाटें घेतलें, याची मोजदाद कोण करणार? महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांकडे कॅनडांत बनलेले शेवरलेट ट्रक होते, तर जर्मन फौजेकडे ओपेलचे. आणि ओपेल कारखाना १९२९ पासून याच कंपनीच्या पदरीं होता. १९६५ सालीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें शेवरलेटच्या एका गाडीच्या रचनेंतील धोके ग्रंथ लिहून मांडले, तेव्हां कंपनीनें त्याच्यामागें गुप्त हेर लाविले, आणि पुढील वर्षीं तिच्या अध्यक्षांना सेनेटसमोर जाहीर क्षमा मागावी लागली. २०१४ सालीं तर एका किल्लीच्या खटक्याची कथा उघड झाली. तो चालत्या गाडींत सरकून इंजिन बंद पडे, आणि जीव वांचविणाऱ्या हवेच्या पिशव्या फुगत नसत. कंपनींतील माणसांना तो दोष सुमारें दहा वर्षें ठाऊक होता. २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीनें नेमलेल्या भरपाई-निधीनेंच १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. आपल्याकडेही २०१३ सालीं 'टवेरा' या गाडीच्या धुराच्या तपासणींत नियम मोडले गेल्याचें कंपनीनें स्वतःच कबूल केलें, आणि १,१४,००० गाड्या परत बोलाविल्या.

हें सांगतांना जमेची बाजू झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. हँडल मारतांना मनगटें मोडून घेण्याच्या संकटांतून जगाची सुटका केली ती चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरनें, आणि तो प्रथम १९१२ च्या कॅडिलॅकवर बसला. आजोबांची शेवरलेट घाट चढत होती, कारण फ्लिंट आणि डेट्रॉइटच्या कारखान्यांतील कोणी तरी आपलें काम मन लावून केलें होतें. त्या माणसांचा मान मात्र त्यांना मागून घ्यावा लागला. ३० डिसेंबर १९३६ पासून ४४ दिवस फ्लिंटचे कामगार ऐन थंडींत यंत्रांशेजारीं ठाण मांडून बसले, तेव्हां कोठें कंपनीनें त्यांच्या संघटनेस मान्यता दिली. म्हणजे जगाच्या दोन टोकांस, फ्लिंटमध्यें आणि उद्यमनगरांत, पत कमावणारे हात एकाच जातीचे होते. पाटी वाचणाऱ्यास ते दिसत नव्हते, एवढेंच.

कंपनी दुसऱ्यांदां आली, तेव्हां तिनें प्रथम गुजरातेंत हालोल येथें गाड्या बनविल्या, आणि मग पुण्याजवळ तळेगांवास मोठा कारखाना उभारला. तेथील उत्पादन २००८ सालीं सुरू झालें. कंपनीच्या शताब्दीचें तें वर्ष. तळेगांवास आणखीही एक शताब्दी त्याच वर्षीं होती, तिची मात्र फारशी वाच्यता झाली नाहीं. १९०८ सालीं, ड्युरँट फ्लिंट गांवीं कारखाने विकत घेत होता त्याच वर्षीं, तळेगांवांत पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला होता. घरटीं एक-एक पैसा गोळा करून उभारलेल्या भांडवलावर, येथल्या मुलांना कांच घडविण्याची विद्या शिकवावी म्हणून तो काढला होता. एकाचें भांडवल कर्जाचें आणि दुसऱ्याचें वर्गणीचें. एकाला बाजार जिंकावयाचा होता, दुसऱ्याला हुन्नर मिळवावयाचा होता. दोघांची तुलना आकारानें करूं नये. पण हेतूनें करण्यास हरकत नाहीं.

तळेगांवचा कारखाना सुरू होऊन वर्षही झालें नव्हतें, तोंच १ जून २००९ रोजीं अमेरिकेंत मूळ कंपनीनें दिवाळ्याचा अर्ज दिला. एस्. टी.च्या पहिल्या बेडफोर्डला त्या दिवशीं बरोबर ६१ वर्षें झालीं होतीं. अमेरिकन सरकारनें सुमारें ५,००० कोटी डॉलर घालून कंपनी सावरली. त्यांतले १,००० कोटींवर डॉलर सरकारच्या तिजोरींत परत आले नाहींत. विल्सनसाहेबांचें समीकरण अशा रीतीनें अमेरिकन जनतेनें स्वतःच्या खिशांतून सोडविलें. भारतांत कंपनीची विक्री वाढली नाहीं. २०१७ सालीं तिनें येथें गाड्या विकणें थांबविलें. तळेगांवांत परदेशीं पाठविण्यासाठीं गाड्या बनत राहिल्या, त्याही डिसेंबर २०२० मध्यें बंद झाल्या. कारखाना एका चिनी कंपनीस विकण्याचा बेत झाला, तो परकीय गुंतवणुकीच्या नियमांत अडकून फिसकटला, आणि २०२३ सालीं ह्युंदाई या कोरियन कंपनीनें तो घेण्याचा करार केला. जमीन, इमारती, यंत्रें या सर्वांची किंमत अशा करारांत बसविली जाते. कामगारांनीं त्या यंत्रांवर काढलेल्या बारा वर्षांची किंमत कोणत्या रकान्यांत लिहावयाची, याचें उत्तर मात्र तळेगांवच्या कामगारांना कोर्टांत जाऊन शोधावें लागलें.

हें सारें कोल्हापुरानें लक्ष देऊन पाहण्यासारखें आहे. उद्यमनगरच्या त्या मेस्त्रींच्या पिढीनें गरजेपोटीं जी विद्या मिळविली, तिच्यांतून गोकुळ शिरगांव आणि शिरोली येथें शेंकडों फौंड्र्या उभ्या राहिल्या. आज तेथें रसरशीत लोखंडापासून इंजिनाचे ठोकळे, ब्रेकचीं चाकें, गिअरचीं कवचें ओतलीं जातात आणि तीं देशोदेशींच्या गाड्यांत बसतात. हें वैभव खरें आहे, आणि तें परावलंबीही आहे. दूरच्या एखाद्या कचेरींत मागणीचा कागद फिरला कीं येथली भट्टी थंड पडते. त्यांत आतां विजेची गाडी आली आहे. तिला इंजिनाचा ठोकळाच लागत नाहीं. याच जनरल मोटर्सनें १९९६ सालीं विजेची एक गाडी काढली होती. ती भाड्यानें देऊन पुढें परत घेतली आणि बहुतेक गाड्या मोडीत काढल्या. जानेवारी २०२१ मध्यें तिनें २०३५ पर्यंत सर्व नव्या मोटारी धुराविना करण्याची मनीषा जाहीर केली. पुढें त्या वाटेवर तिचीं पावलें मंदावलीं. मोठ्या कंपनीला वाट बदलणें परवडतें. फौंड्रीवाल्यानें कर्ज काढून बसविलेली भट्टी एवढ्या लवकर वळत नाहीं.

म्हणून आमच्या तरुणांना, कोणत्या मोठ्या नांवाशीं आपण जोडलेले आहों, हें सांगण्याची जी हौस असते, तिच्याविषयीं मला थोडी भीति वाटते. नांव जातें. तें कधीं शिवडीहून जातें, कधीं तळेगांवाहून. ओल्ड्समोबाइल हें नांव २००४ सालीं संपलें, पाँटिॲक २०१० सालीं. बेडफोर्ड तर आतां जुन्या छायाचित्रांतच दिसते. फर्मा किती मोठा धरावयाचा, हें जाणणारी बुद्धि मात्र बंद झालेल्या कारखान्याबरोबर बोटींत चढत नाहीं. ती येथेंच राहते, आणि तिला उद्यां इंजिनाऐवजीं पंप, पवनचक्की किंवा विजेच्या मोटारीचें कवच ओतण्यास सांगितलें तरी ती त्या कामांतही आपली पत राखूं शकते. अट एवढीच कीं ती विद्या आपण आपली मानली पाहिजे, दुसऱ्याच्या पाटीखालची मजुरी मानतां कामा नये.

माझा एक भाचा गोकुळ शिरगांवच्या एका फौंड्रींत तपासनीस आहे. परवां त्यानें मला तेथें तयार पडलेले भाग दाखविले. प्रत्येकावर खरीददार कंपनीचें नांव ठळक उठावाच्या अक्षरांत ओतलेलें होतें. खालच्या कडेस, बोट फिरविल्याशिवाय सांपडणार नाहीं अशी, दोन-तीन अक्षरांची एक बारीक खूण होती: फौंड्रीची ओळख आणि त्या दिवसाच्या ओताचा क्रमांक. ही एवढी लहान कां, असें मी विचारलें. तो म्हणाला, "मामा, माल चांगला निघाला तर ती कोणी बघत नाही. तडा गेला, तर सगळे आधी तीच शोधतात."